पाटीवरचा माझा ‘द’

पुण्याच्या माणसाला कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर ‘माहीत नाही’ हे उत्तर त्याच्या तोंडून निघत नाही. माझ्याही निघालं नाही. त्याची शिक्षा अशी झाली की माझी चूक न्यूझीलंडमधल्या एका खेड्याबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, ओतीव धातूच्या पाटीवर तीन वर्षं झळकत राहिली. जाणारे-येणारे गाडी थांबवून ती वाचायचे. काही जण तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे. मीसुद्धा काढला होता, चांगला हसरा.

गोष्ट २०१३ सालची. आम्ही राजधानीजवळच्या पोरिरुआला राहत होतो आणि मी रस्त्यांच्या कामातली इंजिनिअर. आमच्या कंपनीकडे उत्तरेकडच्या एका ग्रामीण भागाचं काम आलं होतं. तिथल्या रस्त्यांच्या कडेला जे जे उभं आहे, म्हणजे मोऱ्या, कठडे, खांब, पाट्या, त्या सगळ्याची मोजदाद करायची. आठवड्यातून दोन दिवस मी दीड तास गाडी हाणत जायचे आणि पिवळं जाकीट घालून वाऱ्यात उभी राहून पाट्यांची उंची मोजायचे. गाव एवढंसं. एक डेअरी, म्हणजे दूध-पाव-आइस्क्रीमचं कोपऱ्यावरचं दुकान, एक पेट्रोल पंप, एक पब आणि एक लाकडी हॉल. त्या हॉलमध्ये मी डबा खायला बसायचे.

हॉलची किल्ली एका आजींकडे होती. ऐंशीच्या घरातल्या, पायात गमबूट, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढीनं मान वर करावी. गावात सुरुवातीला येऊन शेती उभी करणाऱ्या माणसाची ही पणती. त्याच्या नावाची एक पाटी हमरस्त्यावर लावायची, हा तिचा ध्यास होता. गावची समिती म्हणजे तीच. बाकीचे फक्त माना हलवायचे.

एक दिवस तिनं माझ्यापुढे गरम स्कोनची, म्हणजे लोणी लावून खायच्या छोट्या गोडसर पावांची, बशी ठेवली आणि विचारलं, “तू इंडियाची ना? मग आमच्या शेताच्या नावाचा अर्थ सांग.”

पणजोबा इकडे येण्याआधी बरीच वर्षं मुंबई इलाख्यात होता, घाटातले रस्ते बांधायच्या कामावर. शेताला त्यानं तिकडचाच कुठला तरी शब्द नाव म्हणून दिला. शेतावरून रस्त्यालाही तेच नाव पडलं. अर्थ मात्र घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हता. तिनं एका पाकिटाच्या मागे नाव लिहून दाखवलं. पी, यू, डी, व्ही, डबल ई. आणि मोठ्यानं म्हणाली, “पडवी.”

आता इथे माझी अक्कल कशी चालली ते सांगितलंच पाहिजे. मला ‘पडवी’ ऐकू आलं होतं. अगदी स्वच्छ. पण गोऱ्या माणसाला ‘द’ म्हणता येत नाही, तो दिल्लीची डेल्ही करतो आणि दादाचा डाडा, हे मला पक्कं ठाऊक. तेव्हा तो जे म्हणतो ते आपण मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायचं, ही आम्हा परदेशी राहणाऱ्यांची रोजची सवय. मी दुरुस्त केलं. ड काढला, द घातला. पदवी!

“पदवी म्हणजे मान, सन्मानाचं पद,” मी म्हटलं. “विद्यापीठ देतं तीसुद्धा पदवीच. माझ्याकडे दोन आहेत.”

हे शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. पण आजींचा चेहरा उजळला. आपल्या पणजोबानं हातात जमीन येताच तिला ‘सन्मान’ असं नाव दिलं, यापेक्षा सुंदर काय असणार! मग मी आणखी पुढे गेले. म्हटलं, तुम्ही म्हणता तो उच्चार चूक आहे. जीभ दातांना लावा. आजी बिचारी दातात जीभ धरून बसली आणि “पथवी, पथवी” करत राहिली. मी शाबासकी दिली आणि दुसरा स्कोन घेतला.

पुढच्या वर्षी पाटी लागली. ती रस्त्यापासून किती आत असावी, गाडी थांबवायला जागा किती हवी, हे मीच आखून दिलं होतं. पाटीवर मजकूर असा, की या भागातला हा पहिला वसाहतकार, यानं अमुक पूल बांधला, तमुक कुरणं काढली आणि आपल्या शेताचं नाव ठेवलं ‘पदवी’, ज्याचा भारतीय भाषेत अर्थ सन्मान. उच्चार कसा करावा तेही दिलं होतं, जीभ दातांना लावून. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, ‘अर्थ सांगितला : एक भारतीय इंजिनिअर’. त्या देशात आम्ही घर घेतलं होतं, नागरिकत्वाचा अर्ज केला होता, पण माझं असं काही तिथल्या मातीत रोवलं गेलं ते ही पाटी. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी समुद्र दाखवायचे आणि मग ती.

२०१७ च्या नोव्हेंबरात सासूबाई आल्या. सासरे वर्षभरापूर्वी गेले होते आणि नवऱ्यानं आग्रह करकरून आईला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. त्या अलिबागकडच्या एका खेड्यातल्या, शाळा सातवीपर्यंत. आमच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं आणि खिडकीबाहेर वारा सुटलेला असायचा. महिनाभरात त्या म्हणाल्या, “मला इथे नुसती बसवून ठेवलंय. मला येतं त्यातलं काही इथे लागतच नाही.” मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी माणसांना फिरवून आणते. तेव्हा एका शनिवारी त्यांना गाडीत घातलं आणि माझी पाटी दाखवायला निघाले.

गावात डेअरीवर आइस्क्रीमला थांबलो. दुकानातल्या बाईनं आमची चौकशी केली आणि म्हणाली, पुढे काम चालू आहे, तेव्हा पडवी रोडनं जाऊ नका, वळसा घाला.

सासूबाईंनी आइस्क्रीमचा कोन तोंडापासून दूर धरला. “कुणाची पडवी म्हणाली ती?”

“पडवी नाही हो आई, पदवी. त्यांना द म्हणता येत नाही.”

“द येत नसेल. ड तर येतोय की तिला.”

पाटीपाशी गेलो, मी मजकूर मराठीत करून ऐकवला, जरा ऐटीतच. शेवटची ओळ दोनदा ऐकवली. सासूबाई वाऱ्यात पदर धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “शेताला कोण पदवी म्हणेल गं? शेत काय बीए झालं होतं? शेतावर पडवी असते.”

त्या बोलल्या त्याच क्षणी मला कळलं की त्या बरोबर आहेत. रस्ते बांधणारा माणूस, रानात राहणारा, मजुरांत वावरणारा. त्याच्या कानावर कुठला शब्द रोज पडत असेल? विद्यापीठातला? दोन पदव्या घेतलेल्या बाईला हे सुचलं नाही आणि सातवी शिकलेल्या बाईला आइस्क्रीम खाता खाता सुचलं. मला स्वतःचा राग आला आणि खरं सांगायचं तर त्यांचाही आला.

घरी आल्यावर मी नवऱ्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, “सोड ना. इथे पडवी कुणाला माहितीये? हू विल नो?”

“मला माहितीये,” सासूबाई आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, “तू पडवीत जन्मलास. सांगितलं आहेस का हिला?”

नव्हतं सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मी ‘आमचं गावचं घर’ एवढंच ऐकत आले होते. घर सासूबाईंच्या थोरल्या दिरांचं होतं. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या थेट घराच्या बाजूला उतरत्या छपराच्या पडवीत. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला गाय, मध्ये संसार. सोळा वर्षं. पुढे पुण्याला आल्यावर हे त्यांनी शेजारणींना कधी सांगितलं नाही आणि मुलांनाही सांगू दिलं नाही. नवरा खाली बघत बसला होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला, पण डोक्यात माझ्या पाटीच घोळत होती.

तिकडे त्या आजीला सांगायचं कसं? बाई गं, तुझ्या पणजोबाचा तो सन्मान म्हणजे घराच्या भिंतीला टेकवलेलं एक छप्पर आहे, गुरं बांधतात तसलं. आणि हे चुकीचं सांगणारी, वर तुझा बरोबर उच्चार बिघडवणारी मी. दोन आठवडे मी फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. चूक कबूल करायची मला सवय नव्हती. ऑफिसात नकाशात चूक निघाली तर मी आधी नकाशा छापणाऱ्याला दोष देते.

त्यात सासूबाईंनीच मला एक आशा दाखवली. एकदा भाजी चिरता चिरता थांबून म्हणाल्या, “पण एक अडतंय. पडवी कधी एकटी नसते. पडवी कशाला तरी लागून असते. त्याचं घर कुठे होतं?”

घराची माहिती मला होती. आजींच्या फार्मवरचं मोठं घर पणजोबानं बांधलंच नव्हतं. ते त्याच्या मुलानं फार नंतर बांधलं. म्हणजे शेताला नाव पडलं तेव्हा तिथे घरच नव्हतं, मग पडवी कशी असेल? माझा द कदाचित वाचणार होता! मी त्याच दिवशी आजींना फोन लावला. सासूबाईंना फार्म बघायचंय, एवढंच सांगितलं. बाकी काही बोलले नाही. इतकी भित्री मी.

आजींनी आम्हाला सगळं दाखवलं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि आजींना मराठी, पण दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत मोठमोठ्यानं बोलत होत्या आणि गुरांबद्दल एकमत होत होतं. शेवटी आम्ही मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडपाशी आलो. हीच इथली सर्वांत जुनी इमारत, आजी म्हणाली. पणजोबानं पहिल्या वर्षी स्वतःच्या हातानं उभी केली. लाकडी, उंच, आत मेंढ्यांच्या तेलकट लोकरीचा वास.

सासूबाई आत आल्याच नाहीत. हात पुढे करून वारा कुठून येतोय ते त्यांनी पाहिलं आणि शेडला वळसा घालून उलट्या बाजूला गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. त्या बाजूच्या भिंतीवर पत्रा नव्हता, जुन्या काळ्या फळ्या उघड्याच होत्या. सासूबाईंनी डोक्याच्या वर हात नेला आणि फळीत कोरलेली एक खोबण बोटानं चाचपली. मग तिच्या शेजारची. मग तिसरी. एका रेषेत, हातभर अंतरानं, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे वासे बसवायला,” त्या म्हणाल्या. “छप्पर इथून सुरू होऊन असं खाली उतरत होतं. आणि हे बघ, इथे फळ्या जास्त काळ्या आहेत. इथे चूल.” मग माझ्याकडे वळून हसल्या. “घर मेंढरांना दिलं त्यानं. आणि स्वतः बायकोला घेऊन पडवीत राहिला.”

आजी विचारत होती, काय म्हणतायत, काय म्हणतायत? मी भिंतीकडे बघत उभी होते. त्या खोबणी काही मिटवता येत नव्हत्या. मी इंजिनिअर आहे, वाशांची खोबण मला कळते. मग मी सगळं सांगितलं. पडवी म्हणजे काय ते. मी काय ऐकलं होतं, काय दुरुस्त केलं होतं. तुमचं नाव पिढ्यान्‌पिढ्या बरोबर होतं आणि मी ते बिघडवलं. पाटीवर जे लिहिलंय ते चूक आहे आणि ती चूक संपूर्ण माझी आहे.

मला वाटलं, आता ही आम्हाला फाटकाबाहेर काढणार. पण आजी भिंतीपाशी गेली, तिनंही एका खोबणीत बोट घातलं.

“माझी आजी म्हणायची, मी मेंढ्यांच्या शेजारी जन्मले,” ती म्हणाली. “आई तिला गप्प करायची. म्हणायची, म्हातारी भ्रमिष्ट झालीय, पाहुण्यांसमोर बोलू देऊ नका.” तिचे डोळे भरले होते. “ती खरं सांगत होती.”

मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी त्या उंच्यापुऱ्या गोऱ्या बाईचा हात धरला. “माझा मुलगापण,” त्या मराठीतच म्हणाल्या. भाषांतर करायची गरज पडली नाही.

मग आजी एकदम माझ्याकडे वळली. “आणि तू! चार वर्षं मी तुझ्यासाठी दातात जीभ धरतेय! चर्चमध्ये लोकांना वाटलं मला अर्धांगाचा झटका आलाय!” आणि ती इतकी हसली की शेडमधल्या मेंढ्या बिथरल्या.

नवी पाटी करायची ठरली. पाटी बदलायचीच आहे म्हटल्यावर समितीतल्या मानाही प्रथमच बोलू लागल्या. तिथल्या माओरी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, वस्तीतले एक वृद्ध गृहस्थ बैठकीला आले. ‘किया ओरा’ असे नमस्कार वगैरे झाल्यावर शांतपणे म्हणाले, एक शब्द सुधारताच आहात, तर तो ‘पहिला’ पण बघा, आम्ही इथे होतो. आजी लाल झाली, मग म्हणाली, खरंय. आणि ‘पहिला’ जाऊन ‘सुरुवातीच्या वसाहतकारांपैकी एक’ आलं. मी पुन्हा आराखडा काढला. या वेळी प्रत्येक शब्द मी सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला आणि त्यांनी हूं म्हटल्याशिवाय पुढे गेले नाही. त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं होतं. मशीनमधून भांडी काढून त्या ती परत एकदा घासायच्या, पण बसवून ठेवल्याची तक्रार काही पुन्हा ऐकू आली नाही.

शेवटच्या ओळीचा प्रश्न उरला. अर्थ कुणी सांगितला म्हणून लिहायचं? आजींनी फोनवर विचारलं, तुझ्या सासूबाईंचं शिक्षण काय, हुद्दा काय? मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. हीच बाई पुण्यात शेजारणींपासून हे लपवत आली होती. म्हणाल्या, “लिहा, सोळा वर्षं पडवीत संसार केलेली बाई.”

तसंच लिहिलं गेलं.

पाटी उघडली तो दिवस मार्चमधला, २०१८ सालचा. ऊन होतं, वारा होताच. हमरस्त्याच्या कडेला सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. शेतकरी, शाळेतली मुलं, डेअरीवाली बाई, माओरी वस्तीतली मंडळी. त्या वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. सासूबाई हिरव्या लुगड्यावर मुलाचं जाड जाकीट घालून पहिल्या रांगेत. आजींनी कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी होते. म्हटलं, जुन्या पाटीचं काय झालं हे कुणी न विचारलेलं बरं.

आजींनी माइक सासूबाईंच्या हातात दिला. मी भाषांतराला पुढे जाऊ लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. घरी कधी एक इंग्रजी शब्द न बोललेली ती बाई सत्तर-ऐंशी माणसांपुढे म्हणाली, “यू ऑल से करेक्ट. ऑल्वेज करेक्ट. ओन्ली माय सून, राँग. टू मच स्टडी!”

लोक खदखदून हसले. माझे कान तापले. डेअरीवाली बाई मागे वळून मला शोधत होती. सासूबाईंनी हसू ओसरू दिलं. मग गर्दीतून नेमकं माझ्याकडे बोट केलं.

“बट शी टोल्ड,” त्या म्हणाल्या. “नोबडी नो. शी टोल्ड. नॉट हाइड. आय हाइड, थर्टी इयर. शी नॉट हाइड.”

शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानं माझा खांदा दाबला. माझ्या दोन्ही पदवीदानांना घरचे आले होते, फोटो निघाले होते, पेढे वाटले होते. इतकं धन्य मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

“नाउ ऑल से,” सासूबाईंनी माइक लोकांकडे फिरवला.

आणि शेतकऱ्यांनी, पोरांनी, आजींनी एका दमात तो शब्द म्हटला. मीही म्हटला, “पडवी!”, जीभ नीट टाळूला लावून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.